गेमिंग संगणक अडखळतो तेव्हा : खर्चाआधी कारणाचा शोध

खेळ ऐन रंगात आलेला असताना पडद्यावरील हालचाल क्षणभर थबकते, सुरू होते, पुन्हा थबकते. कधी सारा संगणकच गोठून बसतो. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला निष्कर्ष निघतो तो ग्राफिक कार्ड निकामी झाल्याचा. गेमिंग संगणकातील सर्वांत महागडा भाग बहुधा हाच. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा धुळीने माखलेल्या पंख्यात, चुकीच्या खाचेत बसवलेल्या रॅममध्ये किंवा पडद्याआड चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये दडलेला असतो. नवे कार्ड येते, पैसे जातात आणि खेळ पूर्वीसारखाच अडखळत राहतो. म्हणून खरेदीपूर्वी कारण निश्चित करणे हा या दुरुस्तीचा पहिला नियम ठरतो.

मंदपणा, अडखळणे आणि गोठणे

हे तीन दोष वेगळे आहेत. खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत संथ चालत असेल, तर यंत्राची क्षमता कमी पडते किंवा खेळातील चित्रगुणवत्ता झेपण्यापलीकडे ठेवलेली असते. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डच्या जोडणीत खोचलेली असणे, हेही एक नेहमीचे कारण आहे. एरवी सुरळीत चालणारा खेळ मधूनच धक्का खातो, ते अडखळणे. संगणक प्रतिसादच देईनासा होतो, ते गोठणे.

अडखळणे सरासरी आकड्यांत दिसत नाही. सेकंदाला ६० फ्रेम दिसायच्या तर प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. दहा सेकंदांत एकच फ्रेम २०० मिलिसेकंद रेंगाळली, तर डोळ्यांना धक्का जाणवतो. सरासरी मात्र ५९ च्या आसपासच राहते. २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत मांडली, ती याच कारणाने. 'एमएसआय आफ्टरबर्नर' हे मोफत साधन इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालते आणि खेळ सुरू असताना हा वेळ व तापमान दोन्ही दाखवते.

धक्का केव्हा बसतो?

खेळ पंधरा-वीस मिनिटे नीट चालून मग बिघडत असेल, तर आधी उष्णतेवर संशय घ्यावा. ठरावीक अंतराने धक्के बसत असतील, तर पार्श्वभूमीवर चालणारा प्रोग्रॅम शोधावा. टास्क मॅनेजरमध्ये तो सापडू शकतो. नव्या प्रदेशात पाऊल टाकतानाच खेळ थबकत असेल, तर शेडर किंवा साठवणुकीकडे पाहावे.

उष्णता आणि धूळ

अनेक आधुनिक प्रोसेसरांची तापमानमर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअस असते. ती गाठली की प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो. गोव्याच्या दमट हवेत जाळ्यांवरील धूळ चिकटून बसते आणि हवेची वाट अडते. सफाई करताना वीज बंद करून प्लग काढावा; हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. जुन्या यंत्रात प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नये.

रॅम आणि साठवण

रॅमच्या एका पट्टीऐवजी समान क्षमतेच्या दोन पट्ट्या बसवल्यास अनेक खेळांत फरक जाणवतो. चार खाचांच्या मदरबोर्डवर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. माहितीपुस्तिका पाहून खात्री करावी. ग्राफिक कार्डाची स्मृती भरली की धक्के सुरू होतात. तेव्हा खेळातील टेक्श्चरची गुणवत्ता एक पायरी खाली आणावी. खेळ जुन्या हार्ड डिस्कवर असेल, तर तो एसएसडीवर हलवणे हा कार्ड बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे.

दोष खेळाचाच असेल तर

शेडर म्हणजे प्रकाश-छाया कशी रंगवायची, हे ग्राफिक कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम. ते खेळ चालू असतानाच तयार होऊ लागले, तर उत्तम यंत्रावरही धक्के बसतात. खेळाच्या सुरुवातीला शेडर तयार होत असल्याची सूचना दिसल्यास ती प्रक्रिया पूर्ण होऊ द्यावी. ड्रायव्हर बदलल्यावर ती पुन्हा घडणे स्वाभाविक आहे.

काही वेळा उत्तर बायोसमध्ये असते. एएमडीच्या काही रायझन संगणकांत विंडोज १० आणि ११ वर एफटीपीएम या सुरक्षा-सुविधेमुळे अधूनमधून धक्के बसतात, हे कंपनीने मार्च २०२२ मध्ये मान्य केले. त्यावर उपाय होता बायोस अद्ययावत करण्याचा. नवा भाग घेण्याचा नव्हे.

संगणक पूर्ण गोठल्यास

चित्र थांबले पण आवाज चालू असेल, तर ग्राफिक कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर आधी तपासावा. आवाजही अडकला आणि कीबोर्डवरील कॅप्स लॉकचा दिवा दाद देत नसेल, तर रॅम, वीजपुरवठा किंवा प्रोसेसरकडे वळावे. रॅमच्या तपासणीसाठी 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालवता येते. रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी सेटिंग चालू केल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर ती बंद करून पाहावी.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली की पॉवर सप्लाय बदलण्याचा सल्ला मिळतो. ही नोंद संगणक रीतसर बंद न होता थांबला, एवढेच सांगते. कारण सांगत नाही. वीज वारंवार ये-जा करणाऱ्या भागात यूपीएस असावाच.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांतील अस्थिरतेमागे वाढीव व्होल्टेज असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, बायोसमार्गे सुधारणा दिली आणि संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असल्यास खिशात हात घालण्यापूर्वी वॉरंटी तपासावी.

दुकानात नेण्यापूर्वी

हार्ड डिस्कमधून खटखट आवाज येत असेल किंवा फाइल उघडताना संगणक अडकत असेल, तर बाकी सर्व प्रयोग थांबवून आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी. खेळ पुन्हा उतरवता येतो. अभ्यासाचे प्रकल्प आणि घरची छायाचित्रे परत मिळतीलच असे नाही.

बदल एका वेळी एकच करावा आणि त्याचा परिणाम लिहून ठेवावा. धक्का कोणत्या खेळात, किती मिनिटांनी, किती तापमानाला बसतो आणि कोणते उपाय झाले, एवढ्या चार ओळी म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुरुस्ती दुकानात सोबत नेल्या, तर कारागिराचा वेळ वाचतो आणि ग्राहकाच्या माथी अनावश्यक भाग मारला जाण्याची शक्यताही कमी होते.