खाडीची जुनी वाट

प्रवासाची हौस आमच्या लोकांत वाढत चालली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. खडकाळ किनारा, मोकळा वारा, चढावयास अवघड असा कडा आणि परक्या लोकांची रीतभात, एवढ्यांचा लाभ व्हावा म्हणून मनुष्य नॉर्वेचा किंवा स्कॉटलंडचा उत्तर किनारा गांठतो, व परत आल्यावर त्याचें वर्णन मोठ्या रसाळपणें करितो. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु हीं चारहि सुखें ज्याच्या उंबरठ्याशीं आहेत, त्या नव्या मुंबईच्या रहिवाशानें आपल्याच उत्तर कोंकणाकडे परक्यासारखें पाहावें, हें मात्र नवल आहे.

उत्तर कोंकण म्हणजे स्थूलमानानें दमणगंगेपासून कुंडलिकेपर्यंतची चिंचोळी पट्टी. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र, आणि मध्यें वैतरणा, उल्हास, पाताळगंगा, अंबा इत्यादि नद्यांच्या खाड्या. उल्हासचें पाणी साष्टीच्या उत्तरेनें वाहत जाऊन वसईपाशीं समुद्रास मिळतें; तिचाच एक फांटा ठाण्यावरून दक्षिणेस उतरून मुंबई बंदराच्या पाण्यांत मिसळतो. डोंगर, दलदल आणि ओढे यांनीं अडलेल्या या देशांत बैलगाडीची वाट पुष्कळ काळ दुर्घटच होती. भरतीचें पाणी मात्र माल आणि माणसें घेऊन दूरवर आंत जात असे. आपण आज खाडीला अडथळा मानितों व तिच्यावर पूल बांधतों. पूर्वजांच्या दृष्टीनें खाडी हाच रस्ता होता. एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेविली, म्हणजे या प्रांताचा इतिहास उलगडूं लागतो.

सोपारा घ्या. तेथें अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सांपडला; सन १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप खणून आंतील करंडक व बुद्धमूर्ति उजेडांत आणिल्या. मगधाच्या सम्राटाची आज्ञा या कोंपऱ्यांत कां कोरली गेली? कारण येथें बंदर होतें, आणि जेथें बंदर तेथें वाचणाऱ्यांचा व ऐकणाऱ्यांचा समुदाय होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत सोपारा, कल्याण आणि चौल या तिन्ही बंदरांचीं नांवें आलीं आहेत. कल्याणास उतरणारीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जात, असेंहि त्यांत म्हटलें आहे. म्हणजे बंदरावरील जकातीसाठीं राजाराजांची ओढाताण तेव्हांहि चालूच होती. कल्याणास उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरास व पुढें पैठणास जाई; सातवाहनांच्या राणीचा प्रसिद्ध लेख त्याच घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत आहे. खाडी आणि घाट हीं एकाच वाटेचीं दोन टोकें होत.

पुढें शिलाहारांच्या काळीं ठाणें भरभराटीस आलें. बोरिवलीजवळ एक्सर येथें जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या नौकांच्या रांगा कोरलेल्या आहेत. यादव आणि शिलाहार यांच्यामध्यें तेराव्या शतकांत जें आरमारी युद्ध झालें, त्याचेंच हें चित्र असावें, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. तें मत खरें असो वा नसो. सामान्यतः वीरगळावर गाईंसाठीं किंवा गांवासाठीं लढणारा वीर दिसतो, येथें तो पाण्यावर लढत आहे, एवढें तरी निर्विवाद आहे. घारापुरीच्या सदाशिवापुढें माथा नम्र करणाऱ्या प्रवाशानें हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, बंदराच्या ऐन वाटेवर उभें असलेलें बेट निवडूनच तें देवालय कोरलें गेलें.

पोर्तुगीजांनीं हें मर्म ओळखलें. सन १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळतांच त्यांनीं खाडीच्या मुखाशीं कोट बांधला. शिवछत्रपतींनीं सन १६५७ मध्यें कल्याण व भिवंडी हस्तगत केलीं आणि त्याच खाडींत आपल्या आरमाराचा पाया घातला. चिमाजीअप्पांची मोहीमहि याच न्यायानें चालली : सन १७३७ मध्यें प्रथम ठाणें पडलें, आणि साष्टीची नाडी हातीं आल्यावर १७३९ च्या मे महिन्यांत वसई शरण आली. पनवेलच्या खाडीच्या मुखाशीं बसलेला बेलापूरचा लहानसा किल्लाहि याच माळेंतील एक मणी होय. त्याची पडझड झाली आहे. आकारानें तो रायगडापुढें कांहींच नव्हे. परंतु तो कोणत्या पाण्यावर नजर ठेवीत होता, हें समजल्यावांचून त्याचें महत्त्व समजत नाहीं; आणि येथेंच माझ्या चिंतेचें कारण आहे.

सन १८३० मध्यें बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, तेव्हां पनवेल बंदरास नवें तेज चढलें. पण १८५३ मध्यें बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवूं लागली, आणि लोहमार्ग घांटापर्यंत व पुढें घांटावर पोंचल्यावर खाडीची वाट हळूहळू ओस पडली. सन १९७० मध्यें नव्या शहराच्या रचनेसाठीं सिडको स्थापन झाली; १९७३ मध्यें वाशीचा पूल झाला. आगरी-कोळ्यांचीं भातखाचरें व मिठागरें शहराखालीं गेलीं. त्यांच्या मोबदल्यासाठीं जानेवारी १९८४ मध्यें जासई येथें जें आंदोलन झालें, त्यांत पांच शेतकऱ्यांनीं प्राण दिले. आतां सन २०२४ पासून समुद्रावरून सेतु गेला आहे, आणि विमानतळासाठीं उलव्याची टेकडी सपाट करून नदीचा ओघहि वळविण्यांत आला आहे.

कोणी म्हणेल, लाखों लोकांस निवारा मिळाला, हें काय थोडें झालें? थोडें नाहीं, मीहि शहराचा वैरी नव्हें. परंतु दस्तऐवज जाळला असतां इतिहासकार हळहळतो, आणि खाडींत भराव पडला असतां तो निसर्गप्रेमी मंडळींचा विषय समजून गप्प बसतो, हा दोष आमचाच आहे. या प्रांतांत खाडी हाच मूळ कागद आहे. किल्ले, लेणीं, स्तूप हे त्यावरचे शेरे आहेत. कागद गेल्यावर शेरे राहिले, तर ते वाचावे कसे? ठाणें खाडीस सन २०२२ मध्यें रामसर यादींत स्थान मिळालें, तें पाणथळीसाठीं व पांखरांसाठीं. पांखरांच्या पुण्याईनें इतिहासाचाहि कांहीं भाग वांचला, असेंच म्हणावें लागतें.

म्हणून प्रवाशास एवढेंच सुचवावेंसें वाटतें. कर्नाळ्याच्या सुळक्याखालीं उभें राहून एकदां पनवेलच्या खाडीकडे व एकदां बोरघाटाच्या दिशेनें पाहा. मग बेलापूरच्या बुरुजाशीं भरतीच्या वेळीं जा, आणि तेथील कोळ्यास वाऱ्याचीं व पाण्याचीं नांवें विचारा. जी वाट दोन हजार वर्षें चालती होती, तिची खूण सांगणारा मनुष्य अद्यापि तेथें आहे. त्याच्याजवळ बसण्यास आपल्याला सवड नसेल, तर मात्र दूरच्या किनाऱ्यांचीं वर्णनें करीत राहण्यांत विशेष शोभा नाहीं.