दिनविशेष : १ एप्रिल २०१६ – पाकिटावर ८५ टक्के इशारा

सिगारेट, विडी, तंबाखूच्या पाकिटांवर दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्यासाठी राखण्याचा नियम २०१६ मध्ये आजच्या दिवशी लागू झाला. खरे तर तो वर्षभर आधीच यायचा होता. मात्र अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने तो लांबणीवर टाकायला सांगितले. तंबाखूने कर्करोग होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेल्याला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. समितीत एक विडी उद्योजक खासदारही होते.

नियम येताच आयटीसीसह बड्या कंपन्यांनी सिगारेट उत्पादन थांबवले. ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम पाळायला बजावले.

पाकिटावर चित्र का हवे, ते नंदुरबार जिल्ह्यात दिसते. तिथली साक्षरता २०११ च्या जनगणनेत सुमारे ६४ टक्के, महाराष्ट्रात सर्वांत कमी होती. तिथल्या अक्कलकुवा, धडगावच्या बाजारात अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही सडलेल्या जबड्याचे चित्र कळते. सुटी सिगारेट घेणाऱ्याला मात्र पाकीट दिसतच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्या विक्रीवरही बंदी घातली.