विद्यापीठाआधीची टाकळी

नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले आणि शहरातल्या संशोधनाचा हिशेब मांडताना बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. कागदोपत्री ते बरोबर आहे. पण विद्यापीठ निघाले म्हणून संशोधन सुरू झाले असे कुणी म्हणू लागले, तर मात्र क्रम उलटा होतो. विद्यापीठाला मिळालेली जुनी कॉलेजे आधी कलकत्त्याला आणि मग अलाहाबादला जोडलेली होती. अभ्यासक्रम तिकडे ठरायचा, परीक्षाही तिकडचीच. अशा व्यवस्थेत मास्तरांनी शिकवावे आणि मुलांनी पास व्हावे, याहून जास्त अपेक्षा कुणाची नव्हती. तरीही इथे ज्ञानात मोलाची भर पडली. शिकवण्याची नोकरी सांभाळून आसपासचा मुलूख पायाखाली घालणाऱ्या मास्तरांनी ती घातली. ही सवय विद्यापीठाहून सुमारे सत्तर वर्षांनी जुनी आहे, आणि तिचा ठळक पुरावा सदरला लागून असलेल्या टाकळीत मिळतो.

टाकळी हे एके काळी नागपूर इर्रेग्युलर फौजेचे ठाणे. सदर बाजार आणि छावणी ही वस्तीही त्याच लष्करी जमान्यातली. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. पुढच्याच वर्षी त्याने शाळा काढली, आणि शाळा व धर्मप्रचार यांतून उरलेल्या वेळात तो सहकारी रॉबर्ट हंटरबरोबर दगड फोडत हिंडू लागला. टाकळीच्या माळावर त्यांना काय गवसले, ते कळायला दख्खनचा काळा पत्थर कसा बनला हे पाहावे लागते. तो एका उद्रेकातला नाही. लाव्ह्याचा थर निवायचा, त्याच्या खळग्यांत पाणी साचून तळी व्हायची, तळ्यांच्या गाळात गोगलगायी, मासे, किडे, फळे, बिया रुतायच्या. मग पुढचा लाव्हा येऊन सगळ्यावर झाकण घालायचा. दोन थरांत दबलेला हा गाळ सिलिका मुरून पुष्कळ ठिकाणी चकमकीसारखा कठीण झाला. त्यातले नमुने वेचून, जागा नोंदवून दोघांनी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. त्यांनी हा गाळ इओसीन काळातला मानला होता. टाकळीच्या थराचे वय पुढच्या अभ्यासकांनी आणखी मागे, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात नेले. त्याने काम वाया जात नाही. दुरुस्तीलाही नोंदलेला नमुना लागतोच. नागपूरच्या सायन्स कॉलेजातल्या व्ही. बी. शुक्लांनी १९४४ मध्ये छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानहून मिळालेल्या जीवाश्म फुलाचे वर्णन केले, तेही अशाच थरातले.

यावर कुणी म्हणेल, हिस्लॉप विद्यापीठाचा नव्हता आणि त्याचे पहिले काम माणसे बाटवण्याचे होते. त्याला या परंपरेचा मूळपुरुष कशाला करायचे? हेतूबद्दलचा मुद्दा मान्यच आहे, आणि मूळपुरुष शोधण्याचा सोस मलाही नाही. पण कामाची रीत पुढे चालली की नाही, हे एका जागेवरून तपासता येते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून मेला. शंभराहून थोडी जास्त वर्षे गेली आणि त्याच टाकळघाटला व जवळच्या खापा गावी नागपूर विद्यापीठाने शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. १९७० मध्ये त्याचा अहवाल विद्यापीठानेच काढला. तोवर विदर्भातली शिळावर्तुळे म्हणजे नुसती थडगी होती. ती बांधणारी माणसे राहत कुठे, हे सांगता येत नव्हते. इथे खाप्याची थडगी आणि टाकळघाटची वस्ती एकमेकांशी जुळली. लोखंडाची हत्यारे आणि काळी-तांबडी भांडी दोन्हीकडची. पाठोपाठ काटोल रस्त्याकडच्या माहूरझरीचे उत्खनन झाले. एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरातले हे काम आहे.

अंतर एवढे थोडे म्हणून काम गावापुरते, हाही आक्षेप ऐकू येतो. त्याला वासुदेव विष्णु मिराशी हे उत्तर पुरेसे आहे. मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने वाकाटकांचा इतिहास अक्षर-अक्षर लावून नव्याने मांडला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या लेखात पहिल्या प्रवरसेनानंतरचे नाव आधीच्या विद्वानांनी रुद्रसेन असे वाचले होते. १९३९ मध्ये वाशीमला ताम्रपट मिळाला. त्यात प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन. मिराशींनी लेण्यातला लेख पुन्हा तपासला, तर तिथेही सर्वसेनच. एवढ्याने वाकाटकांची वत्सगुल्म, म्हणजे वाशीमची, शाखा वेगळी उभी राहिली आणि अजिंठ्याची उत्तरकाळातली लेणी कोणत्या राजवटीतली, हे सांगायला पक्का आधार मिळाला. वाशीमचा पत्रा वाचला नसता तर अजिंठ्याची वंशावळ चुकीचीच चालू राहिली असती.

या सगळ्यात मला खरोखर अडचणीचा वाटतो तो आक्षेप वेगळाच आहे. हिस्लॉपच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये त्याचे आदिवासींविषयीचे कागद नागपुरात छापले. त्यात गोंडांच्या लिंगोची दीर्घ गाथा आहे, गोंडांचे भाट असलेल्या परधानांपैकी एकाकडून उतरवून घेतलेली. पुस्तकावर नावे हिस्लॉप आणि टेंपल यांची. ताम्रपटांचेही तेच, नांगराला किंवा कुदळीला पत्रा लागतो, आणि लेखावर सही प्राध्यापकाची असते. मास्तर वर्गाबाहेर पडला म्हणून संशोधन झाले, असे म्हणताना बाहेर त्याला वाट दाखवणारा कोण होता, हेही मग सांगावे लागते. १८८३ मध्ये नागपुरात निघालेल्या कॉलेजाला हिस्लॉपचे नाव मिळाले, आणि त्यात गैर काही नाही. परधानाने मात्र वाटच दाखवली असे नाही. गाथा त्याला पाठ होती, हिस्लॉपने ती कागदावर घेतली.