जुन्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पाइप गळतोय? बोट नको, पुठ्ठा लावा

पंधरा-वीस वर्षं जुन्या ट्रॅक्टरखाली सकाळी तेलाचा डाग दिसला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. लिटर-दोन लिटर ऑइल ओतून कामाला लागतात, नाहीतर जिथं ओलं दिसतं तिथला नट आणखी आवळतात. पेरणीच्या घाईत हे समजण्यासारखं आहे. पण गळती कुठल्या बाजूची आहे हे न ओळखता केलेला उपाय पंपाच्या मुळावर येतो. आणि प्रेशरच्या पाइपवर फिरवलेलं बोट कायमचं जाऊ शकतं.

आधी रचना समजून घेऊ. पंप बाहेर, इंजिनच्या बाजूला बसवलेला असेल तर त्याला दोन पाइप असतात. एक जाड, जो मागच्या हौसिंगमधून ऑइल ओढून पंपाकडे आणतो. हा सक्शन. दुसरा बारीक पोलादी, जो पंपातून लिफ्टकडे ऑइल ढकलतो. हा प्रेशरचा. (काही मॉडेलमध्ये पंप हौसिंगच्या आतच असतो, तिथं बाहेर फारसे पाइप दिसणार नाहीत.) बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गियर बॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांना एकच ऑइल असतं. म्हणजे पाइपमधून गेलेलं ऑइल फक्त लिफ्टचं नाही, गियरचंही गेलं.

बोटाने तपासू नका

वजन उचलताना प्रेशरच्या पाइपमध्ये दीडशे ते दोनशे बारपर्यंत दाब जाऊ शकतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते, यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाने सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार डोळ्यांना नीट दिसत नाही, धुक्यासारखी वाटते, पण कातडी भेदून आत शिरते. जखम काटा टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही. माणूस हळद लावून परत कामाला जातो. आत मात्र ऑइल बोटाच्या नसा-स्नायूंमध्ये पसरत असतं आणि काही तासांत हात सुजून काळानिळा पडू शकतो. असं झालं तर घरगुती उपाय नको. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘प्रेशरचं ऑइल आत शिरलंय.’ नुसतं ‘टोचलं’ म्हटलं तर टीटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील.

म्हणून तपासणी पुठ्ठ्याने. लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून पाइपच्या कडेने फिरवायचा, धार असेल तर पुठ्ठ्यावर उमटते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पाइपला पाना लावण्याआधी औजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिफ्टचा लिव्हर चार-पाच वेळा खालीवर करा. नांगर किंवा रोटाव्हेटर उचललेला असेल तर इंजिन बंद असूनही दाब आत अडकलेला असतो. डंपिंग ट्रॉलीचं तर विचारूच नका. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू न देता कुणीही शिरू नये, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणूनसुद्धा नाही.

गळती नेमकी कुठली?

ऑइल खाली आणि मागे ओघळतं, त्यामुळे जिथं जास्त ओलं तिथं दोष नसतो, तो बहुतेक वेळा वर असतो. पाइप, नट, जॉइंट डिझेलने धुवा, फडक्याने कोरडे पुसा आणि वर टाल्कम पावडर नाहीतर खडूची भुकटी मारा. इंजिन चालू करून लिफ्ट दोन-तीनदा उचला आणि लांबून बघा. भुकटी जिथं पहिल्यांदा भिजेल तीच जागा. काळं असेल तर इंजिन ऑइल, पिवळसर-तांबूस असेल तर हायड्रॉलिकचं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ येत असेल तर पाइपचा संबंधच नाही, तिथलं सील गेलंय. ब्रेक कोरड्या प्रकारचे असतील तर ते तेलकट होऊन ट्रॅक्टर एका बाजूला ओढू लागतो, तेव्हा ते काम आधी.

सक्शनची गळती फसवी असते. तिथं ऑइल बाहेर येण्यापेक्षा हवा आत ओढली जाते. खाली डाग नगण्य, पण पंप कुईकुई करतो, लिफ्ट धक्के खात उचलते, ऑइलला फेस येतो. फेसाळलेलं ऑइल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. तासाभरात स्वच्छ झालं तर हवा, दुधाळच राहिलं तर पाणी शिरलंय. पंप ओरडत असताना सक्शनच्या जॉइंटवर भरपूर ग्रीस चोपडून बघा. आवाज कमी झाला तर जागा सापडली. आधी ऑइलची पातळी मात्र बघा, कारण ऑइल कमी असलं तरी पंप असाच ओरडतो.

दुरुस्ती

सक्शनला बहुधा रबरी तुकडा आणि क्लिपा असतात. रबर कडक पडून चिरतं. तुकडा बदलताना तेल सोसणारा होजच घ्या. पाण्याच्या मोटारीचा पाइप ऑइलने फुगतो.

प्रेशरच्या पाइपला रबर आणि क्लिप, एम-सील, सायकल ट्यूब यातलं काहीही चालत नाही. छिद्र पडलेला पाइप वेल्डिंग करून आणण्याची सवय गावोगाव आहे. ती सोडलेली बरी. तापलेल्या जागेशेजारी पाइप पुन्हा चिरतो आणि आत पडलेली खपली व्हॉल्व्हमध्ये अडकते. नवा पाइप घ्या. होज असेल तर जुना सोबत नेऊन तालुक्याच्या ठिकाणी क्रिम्पिंग मशीनवर तेवढ्याच लांबीचा, त्याच आट्यांचा आणि तेवढाच दाब सोसणारा करून घ्या.

जॉइंटला बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतील तर दोन्ही नवे टाका. नवे मिळेपर्यंत जुने लालबुंद तापवून थंड केले तर तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं. शंकूसारख्या तोंडाच्या फ्लेअर जॉइंटला टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही, कारण सील शंकूवर होतं, आट्यांवर नाही. उलट टेपचे तुकडे आत जातात. आवळताना दोन पाने लावा, एकाने खालचं फिटिंग धरायचं, नाहीतर पाइप पिळतो.

पाइप चिरला कशामुळे हेही बघा. बऱ्याचदा त्याला धरणारा क्लॅम्प कधीतरी काढलेला असतो, परत लावलेलाच नसतो. पाइप थरथरून झिजतो. क्लॅम्प न लावता नवा पाइप टाकला तर तोही तसाच जाणार.

उघडी तोंडं स्वच्छ प्लॅस्टिकने बांधा, कापसाचा बोळा कोंबू नका. जोडणी झाल्यावर सक्शनची गाळणी धुवा, माहितीपुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल भरा, कमी रेसवर लिफ्ट आठ-दहा वेळा खालीवर करा आणि लिफ्ट खाली ठेवून पातळी पुन्हा तपासा. दुसऱ्याची डंपिंग ट्रॉली जोडत असाल तर कपलिंग आधी पुसून घ्या, तिच्यातलं घाण ऑइल तुमच्या ट्रॅक्टरमध्ये येतं. काढलेलं ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या. पहिल्या दिवसाचं काम संपलं की इंजिन बंद करून नट पुन्हा एकदा बघून घ्या.