हजिऱ्याचे पट्टे आणि लडाखचे हिम

सुरतेत हिम पडत नाही. हिवाळ्यात चार दिवस शाल अंगावर घ्यावी लागली तरी येथील माणूस थंडीची तक्रार करू लागतो. तरीही तापीच्या मुखाजवळच्या हजिऱ्यात गेली काही वर्षे जी लष्करी वाहने बांधली जात आहेत, त्यांची खरी परीक्षा चार हजार मीटरांहून उंच अशा हिमप्रदेशात व्हावयाची असते. वृत्तपत्रे या सर्वांना सरसकट 'रणगाडे' म्हणतात. पट्ट्यांवर चालते ते सारे एकच, आणि पट्टे असले की हिम काय, पाणी काय, कोठेही जाता येते, असा समज त्यातून पसरतो. या समजाचा इतिहास तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथम पट्ट्याचे काम काय ते पाहू. मोटारीच्या चाकाखाली जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो भार पडतो. चालणाऱ्या माणसाच्या पावलाखाली तो अर्ध्या किलोच्या आत असतो, आणि तरीही नव्या भुसभुशीत हिमात माणूस मांडीपर्यंत रुततो. चाळीस-पन्नास टनांच्या रणगाड्याचे पट्टे रुंद असूनही त्यांच्याखालचा दाब एक किलोच्या आसपास असतो. म्हणजे तो माणसाच्या पावलाहून जड पडतो. तेव्हा नुसत्या पट्ट्याने काही साधत नाही. वजन किती आणि ते किती जागेवर पसरले, हाच खरा प्रश्न आहे. दुसरी अडचण पोटाची. पट्टे खाली रुतत गेले आणि वाहनाचे पोट हिमावर टेकले, की भार पोटावर जातो आणि पट्टे जागच्या जागी फिरत राहतात. मग फावड्याखेरीज उपाय नसतो.

हे शहाणपण सहजासहजी आलेले नाही. कॅप्टन स्कॉट यांनी १९१० साली अंटार्क्टिकाकडे तीन मोटार-घसरगाड्या नेल्या. त्यांपैकी एक जानेवारी १९११ मध्ये जहाजातून उतरवताना समुद्रावरील बर्फ फोडून तळाला गेली. उरलेल्या दोन ऑक्टोबरअखेरीस निघाल्या आणि थोड्याच दिवसांत बंद पडल्या. बंद पडली ती एंजिने. पट्ट्यांनी आपले काम नीट केले होते. या गाड्या ज्यांनी घडविल्या व तपासल्या, त्या रेजिनाल्ड स्केल्टन यांना मात्र मोहिमेवर नेले नव्हते. मोहिमेतील दुय्यम अधिकाऱ्याहून त्यांचा हुद्दा वरचा ठरत होता, म्हणून! ज्यांनी सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालविले त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्याच सुमारास रशियात झार निकोलस यांच्या मोटारखान्यात आडॉल्फ केग्रेस हा फ्रेंच तंत्रज्ञ मोटारीच्या मागच्या चाकांच्या जागी रबरी पट्टे बसवीत होता. लोखंडी साखळीपेक्षा रबर हलके, आणि त्यावर हिम कमी चिकटते. क्रांतीनंतर तो मायदेशी परतला आणि सित्रोएन कंपनीने त्याचे पट्टे उचलले. १९३१ साली याच कंपनीच्या मोहिमेने अशा दोन गाड्या श्रीनगराहून बुर्झिल खिंडीमार्गे गिलगिटपर्यंत नेल्या. वाटेत जेथे रस्ताच नव्हता तेथे गाड्यांचे सुटे भाग करून ते हमालांच्या पाठीवरून न्यावे लागले. त्या गाड्यांना हमालांचे ऋण मान्य करावेच लागेल.

खोल हिमाचे खरे गणित सुटले ते दुसऱ्या महायुद्धात. जेफ्री पाइक या विक्षिप्त इंग्रजाने नॉर्वेतील हिमावर छापे घालण्यासाठी वेगळेच वाहन हवे, असा आग्रह धरला आणि १९४२ साली अमेरिकेत स्टुडबेकर कंपनीने 'वीझल' तयार केले. वजन सुमारे दोन टन, आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला किलोचा जेमतेम आठवा हिस्सा. माणूस जेथे रुतेल तेथून हे वाहन वरच्या वर निघून जाई. नॉर्वेची मोहीम झालीच नाही. पण पुढेमागे तरंगत्या टाक्या जोडलेला त्याचा उभयचर प्रकार १९४४ साली हॉलंडच्या दलदलीत आणि पुराच्या पाण्यात कामी आला. हिम, चिखल आणि पाणी ही एकाच कुळातली भावंडे आहेत. तिघेही जडत्वाला शासन करतात. ऑगस्ट २००६ मधील तापीचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. पाणी होते तोवर होडी चालली. पाणी ओसरून गाळ उरला तेव्हा होडीही नाही आणि ट्रकही नाही, अशी अवस्था झाली.

आता वळण्याचा प्रश्न. रणगाडा एका बाजूचा पट्टा रोखून वळतो. कॅनडात १९६० च्या दशकापासून बनणारी सहा-आठ चाकांची छोटी उभयचर वाहनेही तशीच वळतात, आणि खोल हिमासाठी त्यांच्या चाकांवरून पट्टे चढविले तरी वळण्याची रीत बदलत नाही. रोखलेला पट्टा हिम खरवडून स्वतःखालीच खड्डा करतो. स्वीडिश अभियंत्यांनी यावर फार साधी युक्ती काढली. एकामागे एक अशा दोन पेट्या, मध्ये द्रवदाबाने वळणारा सांधा, आणि चारही पट्ट्यांना एंजिनाची शक्ती. असे वाहन कंबरेत वाकून वळते. कोणताही पट्टा रोखावा लागत नाही. पुढची पेटी रुतली तर मागची तिला ढकलते. पाण्यात हेच पट्टे वल्ह्यांचे काम करतात, वेग मात्र पायी चालण्याइतकाच. कडाक्याच्या थंडीत पाण्यातून बाहेर पडल्यावर मात्र थांबता येत नाही. पट्टे फिरते ठेवून पाणी झटकावे लागते, नाही तर ब्रेक आणि पट्टे जागीच गोठतात.

आपल्याकडचा अनुभव वेगळ्या वाटेने आला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्या यांनी सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीच्या झोजिला खिंडीत चढविले आणि शत्रू थक्क झाला. सैपर्सनी खपून वाट तयार केली नसती तर ते शक्य नव्हते. ऑक्टोबर १९६२ मध्ये हलके एएमएक्स-१३ रणगाडे विमानाने चुशूलला उतरविले गेले. दोन्ही वेळा उपयोगी पडले ते हलकेपण. पुढे मात्र आपले रणगाडे जड होत गेले, कारण विचार पंजाब आणि राजस्थानच्या मैदानांचा होता.

२०२० च्या गलवाननंतर हेच जड रणगाडे लडाखला न्यावे लागले. २८ जून २०२४ च्या रात्री सासेर ब्रांगसाजवळ श्योक नदीला अचानक पाणी चढले, टी-७२ रणगाडा प्रवाहात अडकला आणि पाच सैनिकांना प्राण गमवावे लागले. टी-७२ नदी ओलांडतो तो तळावरून चालत; तो तरंगत नाही. वितळलेल्या हिमाच्या नदीत हा फरक जीवघेणा ठरतो.

त्यानंतर आठच दिवसांनी, ६ जुलै रोजी, हजिऱ्यात 'जोरावर' हा पंचवीस टनांचा, तरंगू शकणारा हलका रणगाडा प्रथम दाखविण्यात आला. संरक्षण संशोधन संस्था आणि लार्सन अँड टुब्रो यांनी तो मिळून घडविला. अर्थात त्याचे काम त्या अपघाताच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. ज्यांचे नाव त्याला दिले, ते डोग्रा सेनापती जोरावरसिंह डिसेंबर १८४१ मध्ये तिबेटात पडले. थंडीने गारठलेल्या त्यांच्या शिपायांनी ऊब मिळावी म्हणून बंदुकांचे दस्ते जाळले, असे कनिंगहॅमने नोंदविले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या रणगाड्याने ४२०० मीटरांहून अधिक उंचीवर अचूक मारा केला.

याच कारखान्यातील 'के-९ वज्र' ही पट्ट्यांवरची तोफ सुमारे पन्नास टनांची. नोव्हेंबर २०१८ मध्ये नाशिकजवळच्या देवळालीत ती सेनेत दाखल झाली, आणि पहिल्या शंभरांतील शेवटची तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये जनरल मनोज नरवणे यांनी हजिऱ्याहून रवाना केली. वाळवंटासाठी घेतलेली ही तोफ त्याच वर्षी लडाखला गेली व तेथे चांगली चालली. पण ती चालते ती राबत्या वाटांवरून आणि घट्ट जमिनीवरून. छातीएवढ्या हिमात तिला कोणी पाठविणार नाही. जोरावरचेही, आमच्या मते, तसेच आहे. तो पाण्यावर तरंगेल, म्हणून मऊ हिमावरही तरंगेल असे नाही.

ते काम आहे स्वीडिश जोडवाहनाचे. २०२५ साली भारतीय सेनेने या वाहनाच्या 'सिंधू' नामक आवृत्तीची मागणी लार्सन अँड टुब्रोकडे नोंदविली. मूळ आराखडा बीएई सिस्टिम्स हॅग्लुंड्स यांचा, आणि बांधणी हजिऱ्यात व्हावयाची. तोफ, रणगाडा आणि जोडवाहन अशी तीन वेगळ्या जातींची पट्ट्याची वाहने त्यामुळे एकाच कुंपणाच्या आत आली आहेत. त्यांतील तिसरे, कंबरेत वाकणारे, कधी रस्त्यात दिसले तर त्याला रणगाडा म्हणू नये.