रुमाल सोडण्याआधी

एम.ए.च्या पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण आता करावेच लागते. इतिहासाची मुले-मुली त्यासाठी विद्यापीठाच्या अभिलेखागारात येतात, ती बहुधा मनात एक आशा धरून: एखादे अप्रकाशित पत्र हाती लागेल आणि त्यावर शोधनिबंध होईल. ही पुस्तिका त्यांच्यासाठीच लिहिली आहे. त्या आशेला आमची ना नाही, पण तिने थोडे थांबावे. इथे आधी पुढच्याला कागद सापडेल अशी सोय लावायची असते.

समजा, मोडीतले एक पत्र समोर आले. मिती अशी: ‘छ ७ जमादिलाखर, सन इहिदे सितैन मया व अलफ’. अक्षर लागले तरी वर्ष लागत नाही. हे अरबी अंक आहेत: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीस बदलते. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ‘छ’ म्हणजे चंद्र. वर्ष सौर असले तरी तारीख हिजरी महिन्याची, आणि तो जमादिलाखर जानेवारीत पडला होता. हिशेब येतो १४ जानेवारी १७६१, पानिपतचा दिवस. इथे ६००ऐवजी ५९९ धरले, की तेच पत्र जानेवारी १७६०मध्ये जाऊन बसते. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले त्या महिन्यात. सूचीत अशी चूक एकदा शिरली की पुढचे अभ्यासक ती विश्वासाने उतरवून घेतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. कारकुनाने जे कागद एका रुमालात बांधले, त्यांचे आपसात काही नाते असते. तारीखवार लावण्याच्या हौसेने ते मोडले तर पुन्हा जुळत नाही. मूळ रचना राखावी, हा नियम तीन डच अभिलेखपालांनी १८९८मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्याच वर्षी राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. (त्याची प्रस्तावना पानिपतवरचा स्वतंत्र प्रबंधच आहे, या प्रस्तावनेकडून तशी अपेक्षा नको.) पुढे सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग काढले. त्या कामाचे मोल मोठे, पण निवड ही निवडच: छापलेले सगळे वाचतात, उरलेले रुमालात पडून राहतात. त्यांची साधी, कंटाळवाणी यादी कोणीतरी करायलाच हवी.

हाताळणीचे नियम शेवटच्या प्रकरणात आहेत. तूर्त एवढेच, की खोलीत पेन आणायचे नाही, शिसपेन चालेल. गंजलेली टाचणी ओढून काढायची नाही. आणि लॅमिनेशनचे नाव काढायचे नाही.

मोडी येत नाही म्हणून कोणी बिचकू नये. विद्यापीठाचे स्वतःचे कागदही अभिलेखच आहेत: अधिसभेची इतिवृत्ते, परीक्षांच्या नोंदवह्या, महाविद्यालयांची वार्षिके, विद्यार्थी निवडणुकांची पत्रके. जगाचा इतिहास शिकवणारी विद्यापीठे स्वतःची दफ्तरे मात्र खुशाल रद्दीत घालतात, हे मला कधी उमगले नाही. म्हणून नव्या मुलांच्या हाती आम्ही प्रथम हीच खोकी देतो. मजकूर देवनागरीत किंवा इंग्रजीत, बहुतेक टंकलिखित. फाईल कोणत्या विभागाची, कोणाकडून आली, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतची, हे चार ओळींत लिहायचे. या चार ओळी कशा लिहायच्या, तेच पहिले प्रकरण.