बारवेवरील छत

30 मार्च 2023 रोजी, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असता भाविकांच्या पायांखालील भूमी खचली. ती भूमी नव्हतीच. जुन्या बारवेवर घातलेले ते छत होते. 36 जण प्राणांस मुकले.

छताचे बळ कशात असते, हे आपण भाविकांनीही जाणले पाहिजे. काँक्रीट दगडाप्रमाणे दाब सोसते, ताण मात्र सोसत नाही. भाराने छत वाकू लागले की खालच्या अंगास ताण बसतो. तो लोखंडी सळयांनी पेलावयाचा. जोसेफ मोनिये या फ्रेंच बागवानाने 1867 साली या युक्तीचे पेटंट घेतले. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेची पहिली संहिता 1953 साली निघाली.

सळया दाटल्या तर खडी खाली उतरत नाही व पोकळी राहते. विरळ झाल्या तर तडे जातात. म्हणून 2000 सालच्या संहितेप्रमाणे दोन सळयांतील मोकळी जागा खडीच्या कमाल आकाराहून निदान 5 मिलिमीटर अधिक हवी, आणि छताच्या मुख्य सळयांतील अंतर 300 मिलिमीटरहून अधिक नसावे.

काँक्रीट ओतले की सळया दिसेनाशा होतात. म्हणून विश्वस्तांस आमची विनंती एवढीच, की सभामंडपाचे छत ओतण्यापूर्वी अभियंत्याकडून हे अंतर मोजून घ्यावे. आणि जुन्या बारवेवर छत असल्यास, त्याची परीक्षा झाल्यावाचून तेथे उत्सव भरवू नये.